लाल बादल्यांची झाकणं

रविवार, २ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. धाकटीला डेंग्यू झाला तो गल्लीतल्या गटारामुळे, असं मी छातीठोकपणे कळवलं होतं. तसं नाही. घरात शिकलेली मी एकटीच, म्हणून बाबांनी माझं ऐकून गटार उपसलं आणि आता कंबर धरून बसलेत. गटार साफ झालं हे बरंच झालं, पण तो डास तिथला नव्हता.

रुग्णालयातल्या सिस्टरांनी धाकटीला विचारलं, की ती दिवसभर कुठे बसते. हा डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्याजवळ अंडी घालतो, असं त्या म्हणाल्या. मला एकदम आमचा शिवणकारखाना आठवला. मी तिथे हजेरी मांडते, धाकटी मशीनवर बसते, आणि तिच्या डोक्यावरच आगीसाठी टांगलेल्या लाल बादल्या आहेत. स्टुलावर चढून पाहिलं, तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. आगीची सोय बघायला येणाऱ्या तपासनीसाला बादल्या काठोकाठ दिसाव्यात म्हणून आम्ही रोज सकाळी वरून पाणी घालतो, पण त्या रिकाम्या कोणीच करत नाही. अंडी पाण्याच्या जरा वर, बादलीच्या कडेला चिकटतात. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तगतात आणि पाणी चढलं की फुटतात. इतके दिवस आम्ही आगीची नाही, डासांचीच सोय पाहत होतो.

मॅनेजरांना ग्लासात अळ्या नेऊन दाखवल्या. त्यांनी ग्लास मोरीत ओतला आणि आजार तुम्हीच वस्तीतून आणता, असं सगळ्यांदेखत सुनावलं. पाणी घालण्यापलीकडे बादल्यांना जी हात लावेल तिला फाटकाच्या आत घेणार नाही, असंही बजावलं. मग फाटकाबाहेर धूर सोडला, तोही आम्ही घरी निघाल्यावर.

धाकटीचा ताप उतरलाय. पण ताप उतरल्यावरच जास्त जपावं लागतं म्हणून तिला अजून ठेवून घेतलंय. मी काय करू ते लिही. तुझी माया आहे म्हणूनच विचारते.

तुझी,
थोरली


गुरुवार, ६ सप्टेंबर

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणीलाही वाचून दाखवलं. ती उठली ती थेट आपलं पिंप पालथं करायला. म्हणजे तुझं शिक्षण निदान आमच्या जिन्यापर्यंत तरी पोचलं.

आता रागवायचं काम. तुझ्या पगारावर घर चालतं. माझा दादा, तुझा बाप, तोंडाने बोलणार नाही, पण त्याला झोप लागत नसेल. त्या मॅनेजरला मीही ओळखते. मी तिथे मशीनवर होते तेव्हा तो नुकताच लागला होता, आणि तेव्हाही माणसांपेक्षा तपासनीसाला जास्त भ्यायचा. दुसरी नोकरी बघ आणि धाकटीलाही तिथून काढ, असं लिहायला बसले होते. लिहिता लिहिता मनात आलं, की मग तिच्या मशीनवर दुसऱ्या कोणाची तरी धाकटी बसेल.

तेव्हा नीट ऐक. अंडी कडेला चिकटतात हे तूच लिहिलंयस, म्हणजे नुसतं पाणी ओतून टाकून भागणार नाही. बादल्या आतून खसखसून घासा, दर आठवड्याला. भरल्यावर वर घट्ट विणीच्या कापडाचं झाकण घाला. कारखाना कापडाचा आणि बादल्या उघड्या, हे तुम्हा एवढ्या शिवणाऱ्यांना सुचू नये? नाडी ओवू नकोस. आग लागल्यावर गाठ सोडत बसणार का? इलास्टिक लाव, एका हिसक्यात निघेल.

काय करशील ते दिवसासकट कळव. काळजी मी तशीही करणारच आहे, निदान नेमकी त्या दिवशी करता येईल.

तुझी,
आत्या


सोमवार, १० सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

झाकणं तयार आहेत. कटिंगवालीने उरलेल्या तुकड्यांतून ती बेतली आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही शिवली. बटणवालीने तिच्या झाकणाला झालर लावली. आग लागली तरी बादली नटलेली असावी, असं तिचं म्हणणं. हसून हसून पुरेवाट झाली. मग कोणीतरी विचारलं, की घासायला पुढे कोण होणार.

मी होणार असं सांगितलं. त्यावर कटिंगवाली म्हणाली, की बादल्या बऱ्याच आहेत, एकटीला आवरायच्या नाहीत. मग एकेकीने आपापली बादली धरली. आता मॅनेजरांना कामावरून काढायचंच तर सगळ्यांनाच काढावं लागेल, आणि मालाची गाडी तर भरायची आहे. तपासनीसालाही मी पत्र लिहिलंय: पाणी काठोकाठच आहे, झाकण ओढून खुशाल बघावं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. नोकरी गेलीच तर गेली, एवढंच म्हणाले, आणि मला जेवायला बसवलं.

धाकटी घरी आली. सोमवारी, सतरा तारखेला, कामावर येते म्हणते. डेंग्यू एकदा झाला म्हणजे सुटलो असं नाही. त्याचे प्रकार आहेत, आणि दुसऱ्यांदा झाला तर जास्त बिघडू शकतं. त्या बादल्यांखाली मी तिला तशी बसू देणार नाही. बादल्या चोरून घासणार नाही, सुट्टीच्या दिवशीही नाही. मॅनेजर हजर असताना, रोज पाणी घालतो त्याच वेळी करू.

तू रागावलीस तरी चालेल, पण पाठीशी राहा.

तुझी,
थोरली

ता. क. दिवस लिहायचा राहिला. शनिवार, १५ सप्टेंबर.