तीनचाकी बाबागाडी आणि एक अनुभवी ड्रायव्हर

प्रिय धाकट्या,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटाही, कारण मागच्या दोन पत्रांचं उत्तर तू दिलेलं नाहीस. खोकला गेला का, की घरचाच समजून ठेवून घेतलायस? संध्याकाळी नीट जेवतोस ना, की चहात बिस्किटं बुडवून त्यालाच जेवण म्हणतोस? (हो, कळतं मला. वहिनी गेल्यापासून तुझ्या घरात भांड्यांचा आवाज होत नाही, हे तुझ्या फोनवरूनसुद्धा कळतं.) फोन एवढ्यासाठी करत नाही की तू पलीकडून नुसतं "हो, हो" म्हणतोस आणि ऐकत काडीचं नाहीस. कागदावर लिहिलेलं निदान दोनदा वाचशील. आमचं इथे उत्तम चाललंय. तुझे भावोजी ठणठणीत आहेत, आवाज तर पूर्वीपेक्षा वाढलाय.

विषय तसा गंभीर आहे. लेकीची रजा संपली, येत्या सोमवारपासून तिला दवाखान्यात एक्स-रे काढायला हजर व्हायचंय. जावईबापू सकाळी जातात ते दिवेलागणीला उगवतात. मग ढब्बूचं (आमच्या नातवाचं, पाळण्यातलं नाव फार छान आहे, पण गाल बघितल्यावर ते कोणाच्या तोंडी येत नाही) करायचं काय? मी म्हटलं, करायचं काय म्हणजे? आजी-आजोबा जिवंत आहेत अजून. तर लेक माझ्या मनगटाकडे बघून म्हणाली की डॉक्टरांनी तुला मूल कडेवर घेऊन फिरायला बंदी केलीय, आणि हा पोरगा दिवसातून दोनदा रस्ता बघितल्याशिवाय ना जेवतो ना झोपतो, त्यापेक्षा पाळणाघरात घालू. पाळणाघरात! जन्मभर मी शाळेचे गणवेश शिवले, अख्ख्या गावाच्या पोरांच्या चड्ड्यांना काजं केली, त्यातच हे मनगट झिजलं, आणि आता माझंच एकुलतं नातवंड दुसऱ्याच्या हाती द्यायचं? डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू. पण रडत बसणारी मी नव्हे. म्हटलं, उचलायला बंदी आहे ना, ढकलायला तर नाही? बाबागाडी आणू. त्यावर लेक म्हणाली, आणा, पण रविवारी तुम्ही दोघांनी त्याला बाजारापर्यंत नेऊन परत आणून दाखवायचं. मी हात लावणार नाही. जमलं तर पोरगा घरी, नाही तर पाळणाघर. (लेक कोणावर गेलीय ते तू विचारू नकोस.)

आता गाडी निवडणं हे काही सोपं काम नाही, पण ज्याला मापं घेता येतात त्याला अवघडही नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारी आत शिरू नयेत म्हणून दोन लोखंडी खांब रोवलेत, तुला आठवत असतील, त्यातल्या एकाला तू गेल्या खेपेला गुडघा आपटून घेतला होतास. शेजारीणबाईंनी हौसेने मोठी चारचाकी बाबागाडी आणली होती, ती पहिल्याच दिवशी त्या खांबांत अशी काही अडकली की आधी मूल काढावं लागलं, मग गाडी, आणि मग शेजारीणबाईंची समजूत. तेव्हा मी भर सकाळी गळ्यातली टेप काढून रस्त्यात उकिडवी बसले आणि दोन खांबांमधलं अंतर घेतलं, वरचं वेगळं, खालचं वेगळं. मग जिन्याचं वळण मोजलं. मग दारामागची ती जागा, जिथे तुझे भावोजी छत्री ठेवतात आणि मी ती उचलून दुसरीकडे ठेवते. निष्कर्ष असा निघाला की गाडी हवी सडपातळ, घडी होणारी, आणि पुढे दोनऐवजी एकच चाक असलेली, म्हणजे अरुंद जागेत नाक आधी घुसेल आणि बाकीची गाडी मागून येईल. जावईबापूंनी फोनवर चलतचित्रं दाखवली, त्यात एक सडसडीत बाई केस उडवत बाबागाडी घेऊन समुद्रकाठी पळत होती. मी म्हटलं, जावईबापू, हिला जिना नाही, खांब नाहीत, बाजारहाट नाही, आणि मागे नवराही दिसत नाही. हिचं मत काय कामाचं?

दुकानात मी, हे आणि ढब्बू असे गेलो. तुला ठाऊकच आहे, ह्यांचं उभं आयुष्य बसच्या स्टिअरिंगमागे गेलं. रस्त्यावर चारापेक्षा कमी चाकं असलेल्या कशालाही हे वाहन मानत नाहीत, अडथळा मानतात. गाडी समोर आल्याबरोबर पहिला प्रश्न, चौथं चाक कुठंय? दुकानदारीणबाईंना वाटलं म्हातारा गंमत करतोय. त्या हसल्या. हे हसले नाहीत. मग त्या बाईंनी बिचाऱ्यांनी समजावलं की पुढचं चाक गर्रकन गोल फिरतं, त्यामुळे गाडी एका हाताने जागच्या जागी वळते. जागच्या जागी! ह्यांना ते पटेना. खाली बसून चाक फिरवलं, कान लावून आवाज ऐकला, तळाशी तेल गळतंय का बघितलं, आणि मग म्हणाले, चालवून बघतो. आणि जागच्या जागी वळणारी ती एवढीशी गाडी ह्यांनी अशी लांबलचक वळवली, आधी उजवीकडे भरपूर बाहेर काढून मग डावीकडे, की बाळांच्या आंघोळीच्या टबांची चळत सपशेल आडवी झाली. दुकान अरुंद आहे, असं ह्यांचं मत पडलं. पण टब गोळा करता करता मला हळूच म्हणाले, स्टिअरिंग मात्र लोणी आहे. म्हणजे गाडी पसंत.

बैठकीचं माप मात्र मी ठरवलं. त्याच गाडीत लहान बैठक आणि मोठी बैठक असे दोन प्रकार होते. दुकानदारीणबाई म्हणाल्या, तुमच्या बाळाला लहान घ्या. मी म्हटलं, बाई, मी गणवेश शिवणारी आहे, अंगाबरोबर कापड बेतलं तर दिवाळं निघायचं लोकांचं, मूल वाढतं. मोठी द्या, तीन वर्षं बघायला नको. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, मी पुन्हा टेप उघडली, आणि विषय संपला. माझा निर्णय बरोबरच होता. फक्त घरी आणून ढब्बूला त्यात ठेवल्यावर तो दिसेनासा झाला. मग डावीकडे एक उशी, उजवीकडे एक उशी, खाली ह्यांची जुनी बंडी, असं करत करत तो टोपीपर्यंत वर आला. त्याला ते आवडलं. आतून मजेत आवाज काढतो. घडी घालण्याचं म्हणशील तर मधला पट्टा ओढला की गाडी मिटते, एका हाताने. दुकानात तशी मिटली होती. घरी आल्यावर ती आधी मिटेना, मग मिटली ती उघडेना, आणि मग पिठाची पिशवी आत असताना आपणहून मिटली. पण शनिवारपर्यंत मी ती एका हाताने मिटवायला लागले. दुसऱ्या हाताने ह्यांना लांब ठेवावं लागतं एवढंच.

तर परवाचा रविवार. लेक खिडकीत. मी ढब्बूचे पट्टे लावले, उशा ठोकून बसवल्या. ह्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली, केस विंचरले, दांडी धरली आणि थांबले. मी म्हटलं, चला. हे चालेनात. मी म्हटलं, अहो चला की. हे समोर बघत उभे. शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जन्मभराची सवय, घंटी मिळाल्याशिवाय पाय हलत नाही. मी इकडेतिकडे बघितलं आणि लाज गुंडाळून हळूच म्हटलं, टिंग टिंग. गाडी निघाली. खांबांमधून अशी सुळकन गेली की दोन्ही बाजूंना बोटबोट जागा उरली. (माप घेणाऱ्याचे हात लागतात त्याला.) मी खिडकीकडे बघून मान उंचावली. खिडकीत लेक नव्हती. मला वाटलं, खात्री पटली असेल, स्वयंपाकाला गेली असेल.

मोठ्या रस्त्याला लागलो तोच गाडी थांबली. काय झालं म्हटलं, तर म्हणाले, स्टॉप आहे. होताच तो बसस्टॉप, मी नाही म्हणत नाही, पण आपल्याला कोण उतरायचंय? हे ऐकतात कुठले. रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंनी गाडीत डोकावून बघितलं, त्यांना उशा आणि हिरवी टोपी एवढंच दिसलं, आणि त्यांनी मला कोबीचा भाव विचारला. तेवढ्यात कोबी हसला आणि बाई दचकून रांगेतून बाहेर. पुन्हा टिंग टिंग, पुन्हा पुढे. असं प्रत्येक स्टॉपला. सांगायची गोष्ट म्हणजे ढब्बूला ते इतकं मानवलं की माझ्या टिंग टिंगला तो आतून पाय झाडून दाद द्यायला लागला. कोपऱ्यावर ह्यांनी पुन्हा ते बसचं वळण घेतलं, फुलवाल्याची टोपली थोडक्यात वाचली, आणि फुलवाल्याला ह्यांनीच वर सुनावलं की लेन सोडून बसू नका. बाजाराच्या स्टॉपवर मागून खरी बस आली आणि भोंगा वाजवायला लागली, कारण तिच्या जागेवर आम्ही उभे. मी घाबरले, पण वरचा ड्रायव्हर ह्यांच्या हाताखाली शिकलेला निघाला. त्याने खिडकीतून हात जोडले आणि बस मागे उभी ठेवली. ह्यांची छाती अशी फुगली की वरची गुंडी तुटली. (शिवून दिली.)

थोडक्यात, फेरी पूर्ण झाली, ढब्बू सुखरूप घरी आला, गाडीला ओरखडासुद्धा नाही. कोणाला तीनचाकी बाबागाडी घ्यायची असेल तर बेलाशक माझ्याकडे पाठव, टेपसकट सल्ला देईन. खोकल्याकडे लक्ष दे, आणि चहा कमी कर. भावोजींचा तुला नमस्कार नाही, कारण तू लहान आहेस, पण आठवण काढतात.

तुझी,
ताई

ता. क. लेक गाडीला हात लावणार नव्हती असं वर लिहिलंय. तिने लावला. त्याचं असं झालं, बाजाराच्या स्टॉपवर तो ड्रायव्हर हात जोडून बोलावतोय म्हटल्यावर ह्यांनी ऐटीत हँडब्रेक ओढला आणि बसपाशी गप्पांना गेले. बाबागाडीला हँडब्रेक नसतो रे. मागच्या चाकापाशी पायाने दाबायची पट्टी असते. ह्यांनी हवेतला दांडा ओढला, मी डोळ्यांनी बघितलं, आणि संसार इतका जुना झालाय की मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी त्या वेळी दुसऱ्याच एका बाईला मोठी बैठक का घ्यावी ते पटवून देत होते. तिथे रस्त्याला थोडा उतार आहे. वळून बघते तर गाडी जागेवर नाही. डोक्याला रुमाल आणि नवऱ्याचा काळा चष्मा लावलेली एक पोरगी फुटपाथवरून धावत सुटली आणि तिने दांडी धरली. ती आमची लेक. घरापासून मागोमाग येत होती. ढब्बूला वाटलं खेळ आहे, तो खिदळत होता. मी मात्र तिथेच पायरीवर बसले.

दुसरा ता. क. लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एकदम शांतपणे म्हणाली, गाडी झकास आहे, आईबाबा, गाडीत काही खोट नाही. पण बाबांचं लक्ष रहदारीवर आणि आईचं लक्ष बाबांवर, मग माझ्या पोरावर लक्ष कोणाचं? बरोबर चालणारं तिसरं माणूस असेल, जे नुसतं त्याच्याकडे बघेल, तरच तो घरी राहील. ह्यांना तर आनंदच झाला. म्हणाले, मी कधीपासून सांगतोय, कंडक्टरशिवाय गाडी रस्त्यावर काढणं नियमात बसत नाही.

तिसरा ता. क. तेव्हा तू ये. चार दिवसांसाठी नाही, चंबूगबाळं घेऊन ये. दर वेळी बोलावलं की तुझं एकच पालुपद, ताई, मी तिथे येऊन नुसता बसून खाऊ का? आता बसायला मिळणारच नाही, दिवसातून दोनदा चालायचंय. लेकीला मी सांगून टाकलंय की तुझा होकार आला. तो आलेला नाही हे मला माहीत आहे, पण सोमवारच्या आत मला खोटी पाडू नकोस.

शेवटचा ता. क. हे ह्यांना दाखवलेलं नाही. शेजारीणबाई स्वतःहून रोज आमच्याबरोबर यायला तयार होत्या. चांगल्या बाई आहेत, मुलावरून नजर हलवायच्या नाहीत. मीच त्यांना म्हटलं, जागा भरली, आमचा धाकटा येतोय.