माझ्यामागे धाकट्याने गाऊ नये

मी, खाली सही करणारा, एकेकाळी रॉक बँडमध्ये ड्रम वाजवून पोट भरणारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र पुतणीकडून लिहून घेत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. रागाबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही. तोही शाबूत आहे.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि गच्चीचा तुकडा, पुतणीला द्यावं. तिचा बाप माझा धाकटा भाऊ, आमच्या बँडचा गायक. त्याचा चेहरा साऱ्या जगाला पाठ आहे. माझी विचारपूस मात्र तिनेच केली.

कलम २. ड्रमसेट कुठल्याही संग्रहालयाला देऊ नये. खालच्या शिंप्याला द्यावा. त्यावर त्याने कापडं वाळत घातली तरी माझी हरकत नाही.

कलम ३. गाण्यांतला माझा अर्धा हक्क भाजलेल्यांच्या वॉर्डला द्यावा. याचं कारण सांगणं भाग आहे.

मंचावर आतषबाजी हवी, हा हट्ट धाकट्याचा. पडदा पेटला तेव्हा तो पुढे होता, त्याने खाली उडी मारली. मी मागे अडकलो आणि दोन्ही हात भाजले. आगीपुढे कोण थांबतं? त्याचा दोष मी धरत नाही. पण जखमा ओल्या असतानाच त्याने भाजलेल्यांच्या मदतीसाठी मोठी मैफल ठेवली आणि मला चाकांच्या खुर्चीत मंचावर नेलं.

परिचारिका म्हणाली, "हात झाकलेलेच राहू द्या. जखम चिघळेल."

धाकटा म्हणाला, "दादा, जरा वेळ पट्ट्या सोडू या. लोकांना दिसलं पाहिजे."

पट्ट्या सुटल्या. तो माइकसमोर रडला. लहानपणी त्याला खरं रडू आलं की तो भिंतीकडे तोंड करायचा, आवाजसुद्धा निघायचा नाही. त्या दिवशी हुंदका सुरात होता. पुढे जखम चिघळली, उजव्या हाताची दोन बोटं कापावी लागली. तो एकदाही फिरकला नाही. दौऱ्यावर होता, दुसऱ्या कुणासाठी रडत होता.

मैफलीच्या पैशांतून वॉर्ड मात्र उभा राहिला. दारावर पितळी अक्षरांत त्याचं नाव. त्याच परिचारिकेला मी विचारलं, "हे ढोंग तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं ना, काका. पण परवा स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली बाई आली. तिला पलंग देऊ, की दारावरचं नाव वाचून दाखवत बसू?"

म्हणून हक्क वॉर्डला. राग आपल्या जागी, पलंग आपल्या जागी.

कलम ४. माझ्या नावाने श्रद्धांजलीची मैफल, चित्रपट, छापील शर्ट, काहीही काढू नये. काढल्यास वकिलांनी धाकट्याला कोर्टात खेचावं. अंत्यदर्शनाला आलाच, तर काळा चष्मा काढून यावं.

कलम ५. आईच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघांनी टेप केलेलं पहिलं गाणं माझ्याकडे आहे. मी पातेली बडवतोय, आणि मध्येच आई म्हणते, "हळू रे." तिचा आवाज दुसरीकडे कुठेच उरलेला नाही. धाकटा ही टेप कधीपासून मागतो आहे.

त्याने वॉर्डात एकट्याने यावं. कॅमेरा नको, पत्रकार नको. एका रुग्णाची पट्टी बदलून होईपर्यंत शेजारी बसावं. वर्षभर त्याचा कुठे गवगवा झाला नाही, तर टेप त्याची. झाला, तर पुतणीने ती त्याच्या डोळ्यांदेखत जाळावी.

इथे पुतणी लिहायची थांबली.

"काका, आजीचा आवाज जाळायचा?"

"हो."

"आणि बाबा खरंच गुपचूप आले तर?"

"तर इतकी वर्षं उराशी धरलेला माझा राग खोटा ठरेल. ते बघायची माझ्यात ताकद नाही, म्हणून हे सगळं माझ्या माघारी. हेही लिही."

तिने लिहिलं.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्याच मनातला आहे. आधीचं कुठलंही मृत्युपत्र आता धरू नये.

सही: (डाव्या हाताने) धाकट्याचा दादा
साक्षीदार: १. वॉर्डातली परिचारिका २. शेजारचा घड्याळदुरुस्तीवाला
ठिकाण: राहतं घर, गच्चीकडची खोली
दिनांक: ९ मार्च