कळलावीची काडी

हिंगोली,
२० ऑगस्ट २०२५

प्रिय नानीआत्या,

सप्रेम जय भीम. घरी सगळे बरे आहेत. पप्पांचा गुडघा आता कमी दुखतो. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहून राहिले. अक्षर मोठं काढलंय, सावकाश वाच.

कॉलेजचं जिल्ह्यातल्या वनस्पतींचं पुस्तक होतंय. त्यात माझी अकरा पेन्सिलचित्रं आहेत. कळलावीचं सगळ्यांना फार आवडलं.

त्याच चित्राबद्दल लिहायचंय.

मागच्या वर्षी पुस्तकाचं काम बघणाऱ्या कॉलेजच्या मॅडम घरी आल्या तेव्हा तू ते चित्र हातात घेऊन म्हणालीस, "ही मधली काडी सरळ न्हाई ग. बुडापासूनच आडवी वळती." आणि मी मॅडमसमोर म्हणाले, "आत्या, तुला काय कळतं यातलं?" तू न जेवताच पुसेगावला निघून गेलीस. मी थांबवलं नाही.

आत्या, मी ते फूल वहीत दाबून, वाळवून मग त्याचं चित्र काढलं होतं. दाबताना काडी सरळ झाली असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तू जन्मभर बांधावर जिवंत फुलं पाहिलीस.

सोमवारी साखरा गावच्या शिवारात गेले. कुंपणात कळलावी फुललेली होती. चार तास चिखलात बसून काढली. काडी बुडापासून आडवीच वळलेली. तिथेच रडू आलं, पण पेन्सिल खाली ठेवली नाही.

काल मॅडमना सांगितलं, जुनं चित्र छापू नका. त्या म्हणाल्या, एवढं कोण बघतं, पानं छपाईला निघालीत. मी म्हणाले, आमच्या आत्यानं बघितलं होतं. नवं चित्र शनिवारपर्यंत देते, नाहीतर माझी अकराही चित्रं परत द्या. त्यांनी छापखान्याला फोन लावला. मग मला शनिवारपर्यंत मुदत दिली.

पण तू पाहिल्याशिवाय मी ते देणार नाही. शुक्रवारी सकाळच्या जीपनं येते. तू बोलली नाहीस तरी दारात बसून राहीन. चुकलं असेल तिथे बोट ठेव, तिथल्या तिथे खोडून पुन्हा काढीन. चित्राखाली माझ्या नावाआधी 'फुलाची ओळख : नानीबाई' असं लिहिलंय. ते मात्र तू म्हणालीस तरी खोडणार नाही.

तुला उपाशी जाऊ देणारी,
तुझी ऐश्वर्या