घरची काच

३ मार्च

चि. भिंगरीस,

आजीचे आशीर्वाद आणि गालावर एक चापट. चापट पत्राला उशीर केल्याबद्दल. नेहमीसारखं मी सांगते आहे आणि खालच्या मजल्यावरच्या टेलरबाई लिहिताहेत. त्यांचं अक्षर शिवणीसारखं सरळ आहे म्हणे. मला काय, मुंग्यांची रांगही तशीच दिसते.

तू बनवते आहेस त्या चष्म्याचं कुठवर आलं? तू मागे कळवलं होतंस की तो घातला की भिंत भिंतीच्या जागी दिसते आणि तिच्यापुढे हवेतच चित्रंही दिसतात. मी टेलरबाईंना म्हटलं, एवढ्यासाठी पोरगी इतकी शिकली होय? मला हे सगळं फुकटात दिसतं. संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडी फिरतात, दाराच्या चौकटीला आणखी एक चौकट फुटते, आणि रस्त्यावरच्या झाडांना पानं नसतात, नुसता हिरवा धूर असतो. स्वप्नं बघायला आता झोपावंही लागत नाही.

बाकी सगळं ठीक. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू काढतो आणि आत भिंग बसवतो. मी त्याला सांगितलं की घरात काचेची कारागीर असताना परक्याच्या हातची काच मी डोळ्यात का घालून घेऊ? नातीची तयार झाली की येईन. बिचारा हसला आणि कागद परत दिले. तेव्हा जरा हात चालव.

माया आहे ती तशीच राहू दे. वाढली तर अडवू नकोस.

तुझी आजी

ता. क. हे माझ्या मनाचं, आजींना न सांगता. त्या चहा कपाच्या शेजारी ओततात. काल जिन्याची शेवटची पायरी चुकली. कठडा हाताशी होता म्हणून वाचल्या. – टेलरबाई


१२ मार्च

ती. आजीस,

सा. न. वि. वि. चापट पोचली, अजून झोंबते आहे. जिन्याचंही कळलं. टेलरमावशींवर चिडू नकोस, त्यांनी सांगितलं नसतं तर मी त्यांच्यावर चिडले असते.

आजी, तुझा घोटाळा झालाय. माझी काच नाकावर बसते, डोळ्याच्या बाहेर. चष्म्याच्या काडीत एक इवलासा दिवा असतो. त्याचा उजेड काचेच्या कडेतून आत शिरतो, आतल्या आत आपटत पुढे सरकतो आणि केसाहून बारीक रेघांवरून तुझ्या डोळ्याकडे वळतो. मी चित्र डोळ्यापर्यंत आणून सोडते. पुढे डोळाच धुरकट असेल, तर चित्रही धुरात जाणार. तुझ्या मोतीबिंदूला माझी काच कधीच पुरणार नाही, आज नाही आणि दहा वर्षांनीही नाही.

डॉक्टरांचं भिंग माझ्या काचेपेक्षा कितीतरी लहान, आणि जन्मभर टिकतं. माझी मात्र टिकत नाही. आम्ही ती गरम, दमट पेटीत ठेवून तिचा छळ करतो, आणि दर वेळी कडेला पापुद्रा सुटतो. साहेब म्हणतात, पूर्वीसारखी जाड करा. जाड काच म्हणजे नाकावर वीट. मी तुझ्या नाकाचा विचार करून ती पातळ केली होती, म्हणून जीव तुटतो.

लगेच तारीख घे. माझ्यावर रुसायचं असेल तर ऑपरेशननंतर रूस, तोवर लोभात काटछाट नको.

तुझी भिंगरी


२१ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. टेलरबाईंशी मी बोलत नाही. हे पत्र त्याच लिहिताहेत म्हणून त्यांना हे कळलं, एवढंच.

तुझी काच हे निमित्त होतं गं. इतकी काही मी वेडी नाही. थोडीशी आहे.

आजोबांच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचा करडा कोट अजून तसाच आहे. अलीकडे उजेड कलला की तो कोट कोट राहत नाही. आधी खांदे भरतात. मग मान जराशी झुकते. चेहरा येत नाही, पण इतक्या वर्षांच्या माणसाला ओळखायला चेहरा कशाला लागतो? मी समोर भाजी निवडत बसते. बोलत नाही. ते तरी कधी बोलायचे? त्यांच्यातून मागच्या भिंतीवरचा खिळासुद्धा दिसतो. तू म्हणतेस तसंच, भिंत भिंतीच्या जागी आणि तिच्यापुढे माणूस.

डॉक्टर म्हणतो, पडदा काढला की सगळं लख्ख. लख्ख झाल्यावर ते कुठे बसतील, हे त्याला विचारायचं राहिलं.

टेलरबाईंचं पेन थांबलंय, नाक ओढताहेत. लिहा हो बाई, कागद भिजवू नका.

तुझा चष्मा त्यांना त्या खुर्चीत बसवेल का, तेवढं खरं सांग. खोटं लिहिलंस तर टेलरबाई वाचताना अडखळतील आणि मला कळेल.

जीव लावून आहेस, तशीच अस.

तुझी आजी


३० मार्च

ती. आजीस,

सा. न. बसवेल. काल करून पाहिलं. आजोबांचा फोटो घेतला, प्रयोगशाळेत एक रिकामी खुर्ची ठेवली आणि चष्मा घातला. ते बसले होते, खांदे, कोट, सगळं अगदी हुबेहूब. मी या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते, फोटोवाल्याकडे बघत होते. मी चष्मा काढून ठेवला.

तुझ्या खुर्चीत येतात ते असे नसणार. ते कुठून येतात आणि पडदा काढल्यावर येतील का, मला माहीत नाही. काचेच्या पलीकडचं मला काही कळत नाही. पण जिना खरा आहे, आणि मला तू हवी आहेस.

मी निघाले आहे. काच पातळच ठेवलीय, फक्त कड वेगळ्या तऱ्हेने बंद करून पेटीत ठेवलीय. ती उघडताना मी तिथे नसेन. तुझी पट्टी उघडताना असेन.

समोर आल्यावर रागाव, पण जवळ घेऊन.

भिंगरी


९ मे

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. कड सुटली नाही हे वाचून टेलरबाईंनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, पण डोळ्यात थेंब घातले होते.

ऑपरेशनची पट्टी निघाली तरी तू जाईपर्यंत मी कोटाकडे मुद्दाम बघितलं नाही. तू गेलीस त्या संध्याकाळी बघितलं. कोटच होता. कोपराला विरलेला, एक बटण तुटलेलं. उजेड कलला, मी थांबले. उजेड गेला. कुणी आलं नाही. तुला आणि डॉक्टरला मनातल्या मनात काय काय बोलले, ते टेलरबाईंना सांगत नाही.

मग उठले आणि त्या खुर्चीत जाऊन बसले. उभ्या जन्मात बसले नव्हते, ती त्यांची. निवृत्त झाल्यापासून दिवसभर तिथेच असायचे. काय करता विचारलं की म्हणायचे, रस्ता बघतो.

भिंगरी, तिथून रस्ता दिसत नाही. खिडकीची कड मध्ये येते. तिथून फक्त स्वयंपाकघर दिसतं, ओट्याजवळ मी उभी असायचे ती जागा.

आता रोज तिथेच बसते. तू ये. जागा एकीचीच आहे, पण सरकून घेईन.

तुझी आजी