भिंतीला ओल येते

भोकरदन
संक्रांतीच्या आधीचा सोमवार

तीर्थस्वरूप सोनूबाई अक्का यांच्या सेवेशी,

धाकट्या जावेचा, म्हणजे शालिनीचा, वाकून नमस्कार. आपल्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी निघाली आणि आता काळा चष्मा लागला, हे शेजारच्या अकबरबींकडून कळलं आणि बरं वाटलं. थेंब वेळच्या वेळी टाकावेत, खाली वाकू नये, जड उचलू नये आणि चुलीच्या धुराजवळ जाऊ नये, असं डॉक्टरांनी सांगितलं असेलच. (या शेवटच्या सूचनेबद्दल मला पुढे थोडं मांडायचं आहे.) पुण्यातली हवा मानवते ना? आकांक्षाच्या फ्लॅटमध्ये म्हणे खिडक्या लावल्या की वारा येतच नाही. आपल्याकडे खिडक्या लावल्यावर वाऱ्याला फक्त कळतं की खिडकी कुठे आहे.

आपलं बोलणं बंद आहे, हे मी विसरलेले नाही आणि ते सुरू व्हावं म्हणून हे पत्र लिहीत नाही. फोन केला असता तर तो बोलण्यात धरला गेला असता. लिहिण्याबद्दल मात्र आपल्यात कधी काही ठरलं नव्हतं. तुम्हाला अजून बारीक अक्षर दिसत नसेल तर आकांक्षा वाचून दाखवील, म्हणजे बोलेल ती, मी नव्हे. दोन्ही बाजूंचा मान राहतो. लिहायचं कारण एवढंच की मी तुमच्या बंद घरात शिरले होते, ही बातमी बोळातले साहेबराव तुमच्यापर्यंत पोचवणारच, कदाचित एव्हाना पोचवलीही असेल. ते सांगताना चोर, काठी आणि पोलीस असे तीन शब्द येतील. त्यातली काठी खरी आहे. बाकीचं काय झालं ते माझ्याकडून कळावं.

आकांक्षा, तू तेव्हा होस्टेलला होतीस, म्हणून तुझ्यासाठी थोडं मागचं सांगते. तुझ्या बाबांनी, म्हणजे काकासाहेबांनी, आणि आमच्या यांनी, अण्णासाहेबांनी, घराची वाटणी केली ती अगदी गोडीगुलाबीनं. दोघं भाऊ शेवटपर्यंत एका पानाच्या डब्यातून पान खात. माजघराच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली, तुमचं दार मागच्या बोळात निघालं, आमचं पुढच्या. पलीकडच्या अर्ध्यात तुझ्या आईचा स्वयंपाक, अलीकडच्या अर्ध्यात माझा पलंग. विटा आमच्या यांनी मुद्दाम शहागडहून ट्रकनं आणल्या होत्या. गोदावरीच्या गाळाची वीट दिवसाची ऊब रात्रभर धरून ठेवते, असं ते सांगत, आणि ते सांगत ते मी कधी तपासलं नाही. तपासायची गरजही नव्हती. घर दगडाचं, वर मातीचं माळवद, जमिनीला शहाबादी फरशी. मार्गशीर्ष लागला की फरशीवर पाय ठेवताना देवाचं नाव घ्यावं लागतं. पण माझ्या उशाची ती भिंत मात्र पोळ्यांच्या डब्यासारखी कोमट असायची. मी पाठ टेकवायची आणि झोपी जायची. हे गेल्यावरही मला वाटायचं की विटा आणून माणसानं आपल्या मागची सोय करून ठेवली. त्या विटांची मी गावभर तारीफ केली. साहेबरावांनी माझ्या शब्दावर तशाच विटांची न्हाणी बांधली. ते अजून दात वाजवत आंघोळ करतात आणि गवंड्याला शिव्या देतात.

खिळ्याचा विषय मी काढणार नाही. (आकांक्षा, हा कंस मोठ्यानं वाचू नकोस. माझ्या शाळेचा ग्रुप फोटो लावायला मी त्या भिंतीत खिळा ठोकला. पोळ्याचा सण होता, पलीकडे पुरण शिजत होतं, आणि भिंतीचा गिलावा तुझ्या आईच्या पातेल्यात पडला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे टोपलीभर पडला. मी चिमूटभर म्हटलं, तर त्या म्हणाल्या, कॉन्व्हेंटात माप शिकवत नसतील. त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही. फोटो अजून तिथंच आहे.) त्यानंतर तुम्ही शेळी घेतलीत, अक्का, आणि तिचं नाव मॅडम ठेवलंत. रोज सकाळी भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "ऊठ गं मॅडम, उन्हं अंगणात आली. एवढी इंग्रजी झोप बिलकुल बरी न्हाई." शेळी पहाटेपासून उठलेली असायची. उठायची ती मी.

दिवाळीनंतर तुम्ही गेलात. दोन दिवस मला शांत वाटलं, हे लिहायला हरकत नाही. तिसऱ्या दिवशी उशाची भिंत हाताला गार लागली, आणि आठवड्यात ती बाकीच्या घरासारखीच झाली. विटा म्हाताऱ्या झाल्या असतील, असं मी धरून चालले. आपणही झालोच. हैदराबादहून हरिओमनं (आईची काळजी तो कुरिअरनं करतो) विजेचा हीटर पाठवला. तो लावला की दोन तारा लाल होतात, खोलीत जळक्या धुळीचा वास येतो, आणि सूर्यास्ताच्या चित्रासमोर बसल्यावर जेवढी ऊब लागेल तेवढी लागते. एकदा तो आणि पाण्याची मोटर बरोबरच चालू झाले, तर बोळातल्या सगळ्यांचे दिवे गेले. लोक मेणबत्त्या घेऊन बाहेर आले आणि माझ्या दाराकडे बघत राहिले. मग रबरी पिशवी आणली, गरम पाण्याची. तिचं बूच मी घट्टच लावलं होतं. सकाळी गादी माळवदावर वाळत घालावी लागली. साहेबरावांनी खालून वर बघून विचारलं की नातू आलाय का. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून नातवासाठी धपाटे आले. ते मी खाल्ले.

शाळेत असताना जालन्याला आमच्या बोर्डिंगचा हॉल याहून गार होता. उंच छत, लांबच लांब रांगेत लोखंडी खाटा, आणि अंगावर एक करडी घोंगडी. सिस्टर म्हणायच्या, थंडी देवाला अर्पण करा. आम्ही करायचो. पण त्या कंदील घेऊन फेरी मारून गेल्या की सगळ्या मुली आवाज न करता खाटा एकमेकींना लावायच्या. शेजारची मुलगी त्या दिवशी भांडलेली असली तरी खाट लावायचीच. भांडण सकाळी परत घ्यायचं. परवा पायात दोन जोड मोजे, डोक्याला मफलर आणि अंगावर होतं नव्हतं ते सगळं घेऊन मी पडले होते, तेव्हा हे आठवलं. पाय तरी गार ते गारच.

शेवटी मला वाटलं, भिंतीचा गिलावा तुमच्या बाजूनं पडला असेल, म्हणून ऊब निघून जाते. बघायला हवं. अकबरबींकडून किल्ली घेतली (कुलूप तोडलेलं नाही, साहेबराव काहीही सांगोत) आणि त्यांनाच बरोबर घेऊन आत गेले. वाटणी झाल्यापासून मी त्या अर्ध्या माजघरात पाय ठेवला नव्हता. गिलावा जागच्या जागी होता, माझ्या खिळ्याचा खड्डा सोडून, आणि तोही तुम्ही शेणामातीनं बुजवला होता. त्याच्या खाली, भिंतीला पाठ लावून, चूल होती. मी उभी होते तिथून मनातल्या मनात पलीकडचा पलंग ठेवून बघितला. चुलीच्या बरोबर मागे माझी उशी येते.

गोदावरीच्या गाळाबद्दल मी यापुढे काही बोलणार नाही.

पण चुलीशेजारी ओट्यावर गॅसची शेगडीही होती, चकचकीत. मी अकबरबींना विचारलं, गॅस आहे तर चूल कशाला? त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते नीट येत नाही. "गॅस तर दोन सालापासून हाये, बाई. स्वैपाक सगळा त्याच्यावर. चूल फकत थंडीत, अन् ती बी निजायच्या आधी. म्या म्हनलं, कशाला गवऱ्यांचा खर्चा? तर म्हनल्या, भिंतीला ओल येते, सुकवून राह्यले."

अक्का, मी भिंतीला हात लावून बघितला. वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यांतसुद्धा. भिंत कोरडी ठणठणीत आहे. पावसाळ्यातही तिला कधी ओल आल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला तिथे ओल कुठे दिसली, ते मी विचारणार नाही.

अकबरबी नमाजला गेल्या आणि मी तिथेच राहिले. ओल खरंच असली तर सुकवलेली बरी, असा विचार करून मी चूल पेटवायला घेतली. मला चूल पेटवता येत नाही, हे मी या घरात आले त्याच आठवड्यात तुम्ही सगळ्या भावकीला सांगितलं होतं, आणि ते अजूनही खरं आहे. कापसाच्या पऱ्हाट्या भडकन पेटल्या नि भडकन विझल्या. तरी भिंत तापली का ते बघायला मी बाहेर आले, मागच्या बोळातून वळसा घालून पुढच्या दारानं माझ्या घरात गेले, उशाशी हात लावला. गार. परत आले तर चूल विझलेली. पुन्हा पेटवली, पुन्हा वळसा घालून घरी. दिवेलागणीच्या वेळी डोक्यावरून शाल घेतलेली एक बाई घराभोवती फेऱ्या मारते आहे, हे बोळातल्या लोकांनी पाहिलं आणि कुणाला तरी वाटलं की मी नवस फेडते आहे. चौथ्या का पाचव्या फेरीला मी चिडून हाताला लागलं ते सगळं जळण एकदम आत घातलं. त्यात एक ओलं लाकूड होतं. धूर झाला. फुंकणीतून फुंकायच्या ऐवजी मी एकदा चुकून ओढूनही घेतलं. मग काही दिसेनासं झालं.

बंद घरातून धूर येतोय म्हटल्यावर साहेबराव आले. दारात उभे राहून त्यांनी काठी फरशीवर आपटली. "कोन हाये आत? जल्दी भायेर या, न्हाईतर पोलिसाला फोन लावून राह्यलो!" मी बाहेर आले. तोंडाला काजळी, मफलर गळ्यात, हातात फुंकणी. ते काठी खाली घेत म्हणाले, "वहिनी, तुम्ही? मंग चूल कोन पेटवून राह्यलं?" मी पेटवते आहे, ही शक्यता त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. मी सांगितलं, भिंतीला ओल येते. त्यांनी मान हलवली आणि काठी काखेत मारून गेले.

तर घडलं ते एवढंच. घराचं काही नुकसान झालेलं नाही. एक पातेलं काळं झालं होतं ते घासून ठेवलं. माझी विचारणा साधी आहे. गोवऱ्या कशा रचाव्यात की विस्तव सकाळपर्यंत राहतो, तेवढं चार ओळींत आकांक्षाच्या हातून लिहून पाठवावं. उत्तर पाठवलंत तर ते बोलणं धरलं जाणार नाही. प्रकृतीला जपावं. आकांक्षाला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

आपली,
श्रीमती शालिनी
(पलीकडची)

ता. क. तुमची शेळी अकबरबींकडे चारा खाईना, म्हणून मी तिला माझ्याकडे आणली आहे. रात्री ती पलंगाच्या पायथ्याशी असते. पायांना थोडं बरं वाटतं. पण माझ्या हाकेला ती ओ देत नाही. तुमच्यासारख्या आवाजात हाक मारली तरच उठते. त्यामुळे हल्ली रोज सकाळी मी माझ्याच घरात मोठ्यानं म्हणते, ऊठ गं मॅडम, उन्हं अंगणात आली. बोळातले लोक काय समजायचं ते समजोत.

ता. क. २. आकांक्षा, हे तुझ्यासाठी आहे, पण आईसमोरच वाच. तू ज्यांना आईचं अर्धं घर भाड्यानं द्यायचं म्हणत होतीस, ते बियाण्याचे व्यापारी राजानंद काल मापं घ्यायला आले होते. आई आता पुण्यालाच राहणार, असं तूच त्यांना सांगितलंस म्हणे. मधल्या भिंतीला लावून माळवदापर्यंत पोती रचायची, चूल तेवढी फोडून टाकायची, असा त्यांचा बेत होता. माणूस भला वाटला. शेजारी म्हणून त्यांनी मला विचारलं की घर कोरडं आहे ना. शाळेत खोटं बोललं की सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या. मी राजानंदांना सांगितलं, बाकी सगळं उत्तम आहे, फक्त मधल्या भिंतीला ओल येते, घरमालकीण स्वतः दर थंडीत सुकवत असते, सगळ्या बोळाला ठाऊक आहे. ओलीत बियाणं कोण ठेवणार? त्यांनी टेप गुंडाळला आणि चहा घेऊन गेले. ते गेल्यावर मी थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

ता. क. ३. अक्का, गोवऱ्यांचं लिहून पाठवू नका. लिहिलेलं मला जमणार नाही. संक्रांतीला या. धुराजवळ तुम्ही यायचं नाही, तुम्ही दारात खुर्ची टाकून बसायचं आणि काय चुकतंय ते शेळीला सांगायचं. फुंकीन मी. संभाजीनगरहून दुपारच्या एसटीनं निघालात तर उन्हं असेपर्यंत पोचाल. स्टँडवर मी असेन. बोलणार नाही, पिशवी धरीन. आणि वाटेत राजानंदांचा फोन आलाच, तर भिंतीला ओल येते असंच सांगा. आपल्या दोघींचं एकच असलं पाहिजे.

शालू