काटा चाळीसवर

सोमवार, १० एप्रिल १९४४
काल ईस्टर झाला. आजपासून गाडी हाती घेतली. दवाखान्यातले डॉक्टरसाहेब मायदेशी जाताना मला देऊन गेलेली. म्हातारी आहे, पण हाड मजबूत. पुतणी दयाचं लग्न सव्वीसला नेवाशात. बाप नाही पोरीला. मी शब्द दिलाय, चर्चच्या दारात मोटारीतून उतरशील. बायकोने, मरियमने, गाडीवान छगनची दमणी सांगून ठेवली होती. मी जाऊन नको म्हणून आलो. बैल कशाला हवेत?

बुधवार, १२ एप्रिल
गाडी चालवून पाहिली. समोर ऑइल प्रेशरची तबकडी आहे. निघताना काटा चाळीसवर, वेशीपर्यंत जाऊन आलो तर पंधरावर. लक्षण चांगलं नाही. कंपाउंडरकीत हयात गेली माझी. प्रेशर उतरलं की माणूस कसा गळतो ते मला कुणी सांगायला नको. साहेबांचं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात म्हटलंय, इंजिन गार असताना तेल दाट, म्हणून काटा वर. तापलं की तेल पातळ, काटा खाली. घाबरू नये. लिहिणाऱ्याने आपल्याकडचा एप्रिल बघितलेला नसणार.

शनिवार, १५ एप्रिल
नगरला जाऊन आलो. लढाईपायी मोटारीचं तेल कुठेच नाही. येताना सर्व्हिस मोटारीत एकदम सुचलं. एरंडेल! दाट म्हणजे किती दाट. दवाखान्यात इतक्यांना पाजलं, एकही तक्रार घेऊन परत आला नाही. मरियमचं म्हणणं, परत यायला अंगात त्राण नको का.

सोमवार, १७ एप्रिल
जुन्या तेलात एरंडेल ओतलं. गाडी सुरू केली तर काटा पंचावन्नवर. आवाजही मऊ. धुराला वास मात्र थेट दवाखान्याचा. शेजारच्या रंगुबाईची नातवंडं वास येताच घरात पळाली. दयाला बोलावून काटा दाखवला. हिला डोस जेवणाआधी द्यायचा की नंतर, असं तिने विचारलं. हुशार आहे पोरगी.

गुरुवार, २० एप्रिल
काटा दहावर. इंजिन गार असूनही. तेल बघायची सळई काढली, तिला सायीसारखं काहीतरी चिकटलेलं. पौष्टिक दिसतं. तेव्हा दोष तबकडीतच असावा. दवाखान्यातलं प्रेशरचं यंत्र अडलं की मी टिचकी मारायचो. इथे टिचकीने भागेना, म्हणून खलबत्त्यातला बत्ता हलकेच लावला. दोनदा. काटा सरळ चाळीसवर. हाताला गुण आहे माझ्या.

रविवार, २३ एप्रिल
उपासनेहून आल्यावर मरियमला फेरी मारून आणली. चढावर चाळीस, उतारावर चाळीस. इतकी स्थिर तब्येत मी माणसातही पाहिली नाही. आतून टकटक येते, पण ती म्हाताऱ्या गुडघ्यांची समजावी. दारात गाडी बंद केली तरी मरियम उतरेना. काट्याकडे बघत म्हणाली, "गाडी तर निजली. मग ह्यो अजून जागा कसा?"
समजावलं, निरोगी असला की प्रेशर झोपेतही टिकतं. छगनला पुन्हा सांगून येते म्हणत होती. मी जाऊ दिलं नाही. शब्द म्हणजे शब्द.

मंगळवार, २५ एप्रिल
गाडी धुतली. झेंडूची माळ घातली. टकटक वाढली आहे. लग्नघर म्हटल्यावर गडबड चालायचीच. काटा चाळीस. निर्धास्त झोपतो.

बुधवार, २६ एप्रिल, संध्याकाळी
लिहू की नको.
दया पांढरं पातळ नेसून मागे बसली, शेजारी मरियम. नेवासं जवळ आलं तशी टकटकीची खडखड झाली. मग कुणीतरी लोखंड चावल्यासारखा आवाज. मग काहीच नाही. हँडल घालून पाहिलं, तसूभर फिरेना. आत सगळं एकमेकाला घट्ट धरून बसलेलं. आणि काटा चाळीसवर. दयाच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना.
मागून घुंगरं वाजली. छगनची दमणी. मरियमने त्याला लांबून मागे मागे यायला सांगून ठेवलं होतं. केव्हा सांगितलं, विचारलं नाही.
दयाला म्हटलं, बाळ, उतर, दमणीत बस. ती हलली नाही.
"काका, मोटारीतनं उतरायचं ठरलंय आपलं. छगनभाऊ, बैल सोडा आन् हितं जुंपा."
छगन म्हणाला, "जुंपतो की. पर कंपाउंडरसायेब, ह्यास्नी एरंडेल पाजायचं न्हाई."
मी चाक धरलं, छगन बॉनेटवर बसून बैल हाकत होता. निम्मं नेवासं रस्त्यावर आलं. चर्चच्या दारात दया मोटारीतून उतरली. उतरताना तिने माझा हात धरला.  
शब्द पाळला गेला. कुणी पाळला ते लिहीत नाही.

शुक्रवार, २८ एप्रिल
तबकडी गाडीतून सोडवून घरी आणली. समोर टेबलावर आहे. तेल नाही, इंजिन नाही, गाडी नाही. काटा चाळीस.
साहेबांचं पुस्तक पुढे वाचलं. वेगळ्या जातीचं तेल मिसळू नये, असं ठळक छापलंय. इतकं महत्त्वाचं होतं तर पहिल्याच पानावर छापायचं.
लग्नाच्या जेवणाने पोट धरलंय. मरियमला म्हटलं, आपोआप बरं वाटेल. ती आत गेली आणि उरलेलं एरंडेल घेऊन आली. म्हटलं, मला गरज नाही, प्रकृती उत्तम आहे. ती तबकडीकडे बघत म्हणाली, "व्हय. दिसतंय की."
घेतलं. चमचा मोठा होता.