मिस्साला लावलेलं मलम

राजोडी
सोमवार, ५ मे २००३

रविवारी कोण येतं गं विचारायला? तुझ्या सरांना आठवड्यात दुसरा वार मिळाला नाही? कालचा नव्हे, त्याआधीचा रविवार. मिस्सा सुटलेली, बायका चर्चबाहेर ठेवणीतली लुगडी नेसून उभ्या, आणि हा माणूस कागद घेऊन विचारतो, "ताई, जळजळ? खाज? कातडी लाल झाली का?" सगळ्या नाही म्हणाल्या. त्याने सगळ्यांपुढे बरोबरची खूण केली, माझ्या घरी बोंबलाचं कालवण ओरपलं आणि गेला. मलम कुठे लावता, कधी लावता, हे विचारायचं सुचलं नाही त्याला.

बरं. चिरंजीव एलिसा, अनेक आशीर्वाद. हे आधी लिहायचं असतं, ठाऊक आहे मला. चौथीपर्यंत मास्तरांनी तेवढं शिकवलंय. इथे सगळं ठीक. तुझ्या बापाने होडीला निळा रंग दिला, दवाखान्याच्या भिंतीसारखी दिसते. कॅथरिन आत्या बरी आहे. तिला फोन करू नकोस, ती झोपलेली असते.

आता ऐक. नाताळात तू चुलीपाशी बसून मला पेल्यात पाणी आणि खोबरेल घुसळून दाखवलंस. म्हणालीस, माझ्या मलमात चरबीचे असेच फुगे आहेत, पण इतके बारीक की डोळ्याला दिसायचे नाहीत. लायपोसोम. त्यांच्या पोटात उन्हाचं औषध. ते कातडीच्या वरच्या पापुद्र्यात जाऊन बसतात, म्हणून घाम आला तरी औषध लवकर धुऊन जात नाही. मी म्हटलं, नाव एखाद्या जुन्या पाद्र्यासारखं आहे. तू हसलीस. पण मला समजलं होतं.

म्हणजे तुझ्या फुग्यांची परीक्षा घामात. होय की नाही? मग चर्चमध्ये पंख्याखाली कसली परीक्षा?

नळ्या तू मासळी वाळवताना लावायला दिल्या होत्यास. एकीनेही तिथे लावलं नाही. पांढरं शुभ्र मलम, गुलाबाचा वास, मुंबईहून आलेलं. रोझमेरी म्हणाली, "बोंबलांना कोन तोंड दाखवायचंय?" तिने लेकीच्या लग्नाला लावलं. रिटाने कपाटात दागिन्यांच्या डबीशेजारी ठेवलं. बाकीच्यांनी मिस्साला. आणि मी? मीही मिस्सालाच. फादर म्हणाले, "आज तरुण दिसता." म्हटलं, "फादर, वेदीकडे बघा." पण पुढच्या रविवारी परत लावलं. तेही लिहून घे.

तेव्हा सरांच्या कागदावरच्या सगळ्या खुणा सावलीतल्या आहेत. त्या खोडायच्या.

तुझा बाप म्हणतो, खोडल्या तर पोरीचं एक वर्ष जाईल. "आई, तू गप्प बस. कोनाला काय कळनार आहे?" मी बसलेही असते गप्प.

वर लिहिलं की कॅथरिन झोपलेली असते. पालथी झोपलेली असते. मान टेकवत नाही तिची.

सरांचा निकाल तिनेही ऐकला, कोणालाच काही झालं नाही म्हणून. जन्मापासून केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, ऊन लागलं की भाजणारी कातडी. पहाटे नाहीतर सांजेला मासळी हलवायची आणि दुपारी दार लावून बसायचं, हा तुझ्या आत्याचा जन्म. तिच्यासाठी तर तू हे शिकायला गेलीस. आधी इतरांवर बघू, मग आत्याला देऊ, असं तूच ठरवलंस. तिला वाटलं, बघून झालं. मंगळवारी तिने माझी नळी घेतली, मान माखली, डोक्यावरचं फडकं काढून ठेवलं आणि भर दुपारी बोंबील पालटायला वलांडीच्या बांबूंपाशी उभी राहिली. गात होती. मी लांबून बघितलं आणि हाक मारली नाही. म्हटलं, उभी राहू दे एकदा बाईला उन्हात.

सांजेला मानेवर फोड.

डॉक्टर म्हणतो, भरून येईल. मलमाचा दोष किती, एकदाच लावलं त्याचा किती, फडकं काढलं त्याचा किती, मला कळत नाही. तुलाही कळणार नाही, कारण कोणी तपासलंच नाही.

उद्यापासून तपासायचं. डाव्या हाताला मलम, उजवा तसाच. भर दुपारी, मासळीपाशी, आणि मी समोर उभी. रिटा म्हणते, "आनि एक हात काळा, एक गोरा झाला तर?" म्हटलं, "तर फुगे खरे." जी मिस्साला लावेल तिच्या डोक्यावर मी टोपली चढवू लागणार नाही. कॅथरिनला आत्ता घेत नाही. ओरडली माझ्यावर. मग म्हणाली, "एलिसाला हे सोडू देऊ नकोस हां, आई. मला परत उभं राहायचंय."

तेव्हा रडत बसू नकोस. वर्ष गेलं तर जाऊ दे. बापाला मी बघते. नव्या नळ्या पाठव, पण बिनवासाच्या. वास आला की मलम लग्नाला जातं.

कामाला लागलेली,
तुझी आजी

उत्तर सरांनी द्यायचं नाही, बापाकडून निरोप यायचा नाही. तू लिहायचं, आणि मला नाही, कॅथरिनला. तिच्या अधू डोळ्यांना दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात लिही, सरांचा तो खुणांचा कागद फाडलास की नाही.